मागची फळी

मला रेडिओचा नाद आहे, पण आवाजाचा नाही, पेटीचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घरी येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न "वाजतो का?" असाच विचारतो आणि माझं डोकं फिरतं. अहो, गाणी ऐकायला तुमच्या खिशात मोबाइल आहे ना? माझ्याकडे यायचं ते बघायला. यवतमाळातल्या माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत एकशे अकरा रेडिओ आहेत. त्यातले चार वाजतात, तेही माझ्या परवानगीशिवाय.

छत्तीस वर्षं मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. इमारत आतून कशीही असो, तिचं दर्शनी चित्र देखणं काढायचं तर साहेब लोक म्हणायचे, वामनरावांकडे द्या. खांब कुठे, खिडकी किती, छज्जा कसा, ते मी एकदा बघितलं की विसरत नाही. रेडिओकडेही मी तसंच बघतो. बेकेलाइटचे गोल खांद्यांचे रेडिओ लोकांना फार आवडतात. मलाही आवडतात, पण शेजाऱ्याचं गुटगुटीत मूल आवडतं तेवढेच. देवळाच्या कमानीसारखे वर निमुळते होत गेलेले जुने लाकडी सेट घेण्यासाठी लोक मुंबईहून येतात, मला ते नाटकी वाटतात. सनमायका लावलेल्या पेट्या मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. माझा जीव अडकलाय तो एकोणीसशे पंचावन्न ते साठच्या दरम्यानच्या लाकडी पेट्यांत. अक्रोडाच्या रंगाचा पातळ पापुद्रा, किंचित उतरते खांदे, डावीकडे सोनेरी धाग्याचं जाळीदार कापड, उजवीकडे काच आणि खाली तीन बटणं. पेटी अगदी थोडी मागे झुकलेली असावी. दोन अंश पुरेत. तेवढ्यानं तिला रुबाब येतो.

माझी बायको कुंदा म्हणते, "लोक सुना बघायला जातात तसे तुम्ही रेडिओ बघायला जाता. आणि सुनेचंही नुसतं तोंडच बघता."

ती हे गमतीनं म्हणायची. आता म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वी उमरखेडहून परत येताना माझी स्कूटर महागावजवळ बंद पडली. रस्त्याच्या कडेला संजय राठोडचं गॅरेज होतं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. स्कूटर खोलल्यावर म्हणाला, "काका, दोन घंटे लागतीन. उन्हात कायले बसता? घरी चाला, च्या घेऊ." त्याचा तांडा गॅरेजच्या मागेच, अर्ध्या किलोमीटरवर. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरणारी ही माणसं, आता कापूस आणि सोयाबीन पेरतात. मी ओसरीवर बसलो, पाणी प्यायलो आणि समोर धान्याच्या कोठीवर ती पेटी दिसली.

वर कोंबडीची पिसं, एक बटण गायब, कंपनीचं नाव गळून पडलेलं. पण खांदे! असे उतरते खांदे मी आधी फक्त एका जुन्या जाहिरातीत पाहिले होते. वीज नसलेल्या गावांसाठी काढलेला, मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालणारा सेट होता तो. चहा गार होऊन गेला तरी माझं लक्ष नव्हतं.

संजयची आई धुरपताबाई सत्तरीच्या घरातली. संजय तिला याडी म्हणायचा, त्यांच्या बोलीत आईला तसंच म्हणतात. रेडिओ तिच्या सासऱ्याचा, पूनमसिंग नायकाचा. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख.

"देत नाई म्या," ती पहिल्या झटक्यात म्हणाली. "नायकाचा हाये तो."

मी तिला वाळवी दाखवली. खालच्या कडेला हात लावला तर भुसा पडला. म्हटलं, बाई, आणखी दोन पावसाळ्यांत याची माती होईल. माझ्याकडे शंभर वर्षं राहील, आणि पूनमसिंग नायकांच्या नावाची पट्टी लावीन. ती विचारात पडली. मग एक दमडीही न घेता तिनं तो रेडिओ मला दिला. देताना पेटी फिरवून मागची भोकाभोकाची फळी दाखवली आणि म्हणाली, "हे पाहा भाऊ. इथं लायसन चिपकवलं हाये सासऱ्यानं. तवा घर दरसाल हालत जाये, कागद हरपत जाये. लायसन पाह्याले मानूस आला का सासरा रेडिओच उलटा करून दाखवे. हे तसंच राहू देजा."

"हो, हो," मी म्हणालो. त्या काळी रेडिओ ठेवायला टपाल कचेरीतून सरकारी लायसन काढावं लागे, हे मला ठाऊक होतं. पण मी तेव्हा डाव्या खांद्याची गोलाई बोटानं मोजत होतो.

डिसेंबरात मी पेटी कामाला घेतली. माझी कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी समोरून फोटो, मग सगळे अवयव सुटे, मग वाळवी काढणं, पापुद्रा चिकटवणं आणि शेवटी कापसाच्या बोळ्यानं चपड्याचं पॉलिश, चाळीस हात. मागची फळी मी कुठल्याच रेडिओची ठेवत नाही. ती उंदरांनी कुरतडलेली असते, वास मारते, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची असते. नवीन प्लाय कापून लावतो. या रेडिओचीही तशीच लावली. जुनी फळी अंगणात टाकली आणि कुंदाला सांगितलं, बंबात घाल.

ती फळी हातात घेऊन दारात उभी राहिली. "अहो, यावर काहीतरी चिकटवलंय."

"लायसन आहे. असली सात पडलीत माझ्याकडे कपाटात."

तरी मी एकदा पाहिलं, खोटं कशाला बोलू? पिवळा पडलेला कागद, त्यावर टाकानं लिहिलेलं इंग्रजी, निळी-काळी शाई, उजवीकडे झुकलेलं फार सुरेख वळण. पूनमसिंग हे नाव वाचलं. वळणाचं कौतुक केलं आणि फळी परत दिली. मग त्या पाण्यानं आंघोळ केली.

रेडिओ अप्रतिम झाला. फोटो टाकला तर परदेशातून माणसांनी विचारणा केली. इथल्या एका वर्तमानपत्रानं माझ्यावर अर्धं पान छापलं. 'जुनं जपणारा माणूस' असा मथळा होता. मी ते कात्रण चौकटीत बसवून त्याच रेडिओच्या वर टांगलं.

गेल्या ऑगस्टमध्ये संजय आला, बरोबर त्याची मुलगी पायल. सडपातळ, डोळ्याला चष्मा, हातात प्लास्टिकची फाइल. त्या घरात दहावीपुढे शिकलेली पहिलीच. गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणून नागपूरच्या कॉलेजात राखीव जागेवर तिला तात्पुरता प्रवेश मिळाला होता. तात्पुरता अशासाठी, की जातीच्या दाखल्याची पडताळणी होऊन वैधता मिळायची होती. त्यासाठी आपलं कुटुंब एकोणीसशे एकसष्टच्या आधीपासून इथलंच आहे याचा कागद हवा होता.

"शेती अडुसष्टची हाये," संजय म्हणाला. "बापाचं नाव शाळेत त्रेसष्टले घातलं. दोन सालानं हुकलं पाहा काका. बाकी आमचा आजा बैल घेऊन फिरे, त्याच्यापाशी कागद कुठला? मंग याडी म्हने, रेडिओचं लायसन हाये ना, एकोनसाठचं. वकीलबाई बी म्हनते, सरकारी कागद हाये, नाव, गाव, तारीख सगळं त्याच्यावर राह्यते. ते भेटलं तं काम झालं."

मला बंब आठवला. तोंडातून मात्र शब्द निघाले ते असे, "आहे, आहे. मी काढून ठेवलंय कुठेतरी. शोधावं लागेल."

कुंदा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पायल उठून रेडिओजवळ गेली. वरचं कात्रण वाचलं. मग हलकेच पेटी फिरवून मागचा कोरा प्लाय पाहिला. "आजोबा, तुम्ही कामाच्या आधी फोटो काढता ना? मागचा काढला असन."

मी मोबाइल उघडला, मग लॅपटॉप उघडला. उगाच दहा मिनिटं शोधल्यासारखं केलं. त्या एका रेडिओचे माझ्याकडे शेहेचाळीस फोटो आहेत. समोरून, डाव्या कोनातून, उजव्या कोनातून, सकाळच्या उन्हात, संध्याकाळच्या उन्हात. मागून एकही नाही. एकशे अकरांपैकी एकाही रेडिओचा मागून काढलेला फोटो माझ्याकडे नाही.

"नाही निघाला," मी म्हणालो. "पण मूळ कागद आहे. आठ दिवस द्या."

ते गेल्यावर कुंदानं ट्रे आपटला. "सांगून टाका त्यांना. आत्ता फोन करा."

"काय सांगू? जाळलं म्हणून?"

"हो. जाळलं म्हणून. चुकून जाळलं. माणसाच्या हातून चुका होतात."

"माणसाच्या होतात गं. माझ्या..." मी वर टांगलेल्या कात्रणाकडे हात केला. ज्याचं नाव 'जुनं जपणारा' म्हणून छापलं, त्यानं एका कुटुंबाचा एकुलता एक कागद आंघोळीच्या पाण्याखाली घातला, हे मी त्या मुलीच्या तोंडावर सांगायचं? खरं सांगतो, मला पायलच्या प्रवेशापेक्षा माझ्या नावाची काळजी जास्त वाटली. त्या दिवशी तरी तसंच होतं.

कुंदा म्हणाली, "तुमचा अहंकार त्या पोरीला भोवेल." आणि आत निघून गेली.

आठवा दिवस जवळ आला. एका दुपारी कुंदा बहिणीकडे गेली होती. मी कपाटातून ती जुनी सात लायसनं काढली. एक यवतमाळच्या टपाल कचेरीतलं होतं, एकोणसाठ सालचं, शिक्का स्पष्ट, तारीख स्पष्ट. कुणा कापसाच्या व्यापाऱ्याचं. मनात विचार आला तो असा, की पूनमसिंगांकडे लायसन होतंच ना? मग मी खोटं काय करतोय? जे होतं तेच परत लिहितोय. जळालेलं घर पुन्हा बांधावं तसं. माणूस स्वतःला किती सहज समजावतो!

ड्राफ्ट्समनची जुनी विद्या आहे. नकाशावर शाईची रेघ चुकली तर दाढीच्या अर्ध्या पात्यानं ती हळूहळू खरवडायची आणि नखानं कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. छत्तीस वर्षं तेच केलं होतं. व्यापाऱ्याचं नाव तासाभरात गेलं. मग टाक काढला, जुन्या शाईत दोन थेंब चहाचं पाणी घालून तिला उतरता रंग आणला आणि आठवणीतल्या त्या सुरेख वळणात लिहिलं. पूनमसिंग, संजयला फोनवर विचारून घेतलेलं त्याच्या बापाचं नाव, तांड्याचं नाव, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. जिल्ह्याचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा मी इंग्रजांच्या काळचं वापरलं. लिहून झाल्यावर कागद हातभर लांब धरून पाहिला. आणि लाज वाटायच्या ऐवजी मला अभिमान वाटला. इतकं नितळ काम मी निवृत्तीनंतर केलं नव्हतं.

कुंदा आली तेव्हा कागद टेबलावर वाळत होता. ती चप्पल न काढताच त्याच्यापाशी उभी राहिली. फळी तिनंच बंबात घातली होती, तिला काही विचारायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवायला बोलावण्यापुरतंच बोलते.

कागद न्यायला संजय आणि पायल दोघं आले. पायलनं तो दोन्ही हातांत धरून वाचला. चष्म्याआड डोळ्यांत पाणी आलं. "आजीले फोन लावा बाबा," ती म्हणाली. फोनवर धुरपताबाईचा आवाज माझ्यापर्यंत आला. ती हसत होती, आणि मोठ्यानं सासऱ्याला काहीतरी सांगत होती, जसा काही तो पलीकडच्या खाटेवर बसलाय. पायल वाकून माझ्या पाया पडली. मी "अगं, राहू दे" म्हणालो. इतकं हलकट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

पायल नागपूरला गेली. कॉलेज सुरू झालं. आणि दिवाळीनंतर संजयला नोटीस आली.

जात पडताळणी समितीच्या चौकशी पथकात एक अधिकारी पुसदकडचा होता. त्यानं कागद पाहिला, वाचला आणि विचारलं, एकोणसाठ साली महागाव तालुका कुठून आला? त्या काळी महागाव पुसद तालुक्यात होतं, वेगळा तालुका झाला तो पुष्कळ वर्षांनी. शिक्का, शाई, वळण, स्पेलिंग सगळं मी सांभाळलं आणि तालुका आजचा लिहिला. मीच! त्या भागाच्या रस्त्यांचा नवा नकाशा करताना महागाव तालुक्याची हद्द मी माझ्या हातानं आखली होती. एकदा शंका आल्यावर त्यांनी कागद उजेडासमोर धरला, आणि पात्यानं खरवडलेली जागा दिसायला कितीसा वेळ लागतो? बनावट दस्तऐवज दिल्याबद्दल गुन्हा का दाखल करू नये, याचा खुलासा संजयला मागितला होता.

चौथ्या दिवशी धुरपताबाई एकटी एसटीनं यवतमाळला आली. स्टँडवरून ऑटो करून माझं घर शोधलं. पुढच्या खोलीत एकशे अकरा रेडिओंच्या मधोमध खाली बसली, खुर्ची घेतली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "ते म्हनतेत कागद खोटा हाये. आमचा संज्या लबाड हाये. मले बी इचारलं, बाई, तुमी सोता पाह्यला का? म्या म्हटलं, लगन होऊन आली तवापासून पाहून राह्यली. तं ते एकमेकाकडं पाहून हासले. भाऊ, तुमी शिकेल मानूस हा. सरकारात होते. तुमी चाला आन् सांगा, का माह्या फळीवरूनच काढला हा कागद. तुमचं आयकतीन ते."

कुंदा दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. मदत मिळणार नव्हती आणि मागायचा हक्कही नव्हता.

"धुरपताबाई," मी म्हणालो, "तो कागद मी केला. तुमच्या फळीवरचा मी जाळला. बंबात."

मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सांगताना मी रडलो. ती रडली नाही.

"म्हंजे होता," ती शेवटी म्हणाली.

"होता. मी पाहिला. नाव वाचलं."

"मले वाटे, म्हातारपनात माह्याच डोस्क्यात काही झालं. पोरगा बी म्हने, याडी, तुले पक्कं याद हाये ना?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "हे तिथं येऊन सांगा भाऊ. सगळं सांगा."

"तुरुंगात जाईन मी."

"जासान," ती म्हणाली. "माहा पोरगा काहून जाईन?"

मी गेलो. याचं श्रेय मला देऊ नका. कुंदानं माझा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला होता आणि दार उघडं ठेवलं होतं, म्हणून गेलो.

सुनावणीला खोलीत समितीचे तीन सदस्य, संजय, पायल, धुरपताबाई आणि त्यांच्या वकील उज्ज्वलाताई. मी सगळं सांगितलं. खरवडलं कसं, शाई कशी केली, संजयला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, सगळं. अध्यक्षबाई लिहून घेत होत्या. मग मी म्हणालो, "पण मूळ लायसन खरं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय पाहिलंत?"

"पूनमसिंग हे नाव."

"पूर्ण नाव?"

"आडनाव... असेल. मी पूनमसिंग वाचलं."

"गाव?"

मी डोळे मिटले. कागद दिसत होता. कोपरा दुमडलेला, वाळवीची एक वाट डावीकडून वर गेलेली, अक्षर उजवीकडे झुकलेलं. शब्द दिसेनात. "आठवत नाही."

"कोणत्या टपाल कचेरीचं?"

"आठवत नाही."

"तारीख?"

"एकोणसाठ. यांनी सांगितलं होतं."

"त्यांनी काय सांगितलं ते नाही विचारलं. तुम्ही काय वाचलंत?"

"वर्ष मी वाचलं नाही."

"म्हणजे बासष्टचंही असू शकेल."

मी म्हणालो, "पेटी सत्तावन्न-अठ्ठावन्नची आहे. ते मी शपथेवर सांगतो. बटणांमधलं अंतर, काचेचा उतार, सगळं आत्ता काढून दाखवतो. कागद द्या."

"पेटी कुठल्याही सालची असो," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती त्यांच्याकडे कधी आली हे पेटी सांगत नाही. आणि वामनराव, जो माणूस इतका हुबेहूब खोटा कागद करू शकतो, त्यानं खरा कागद होता म्हणून सांगितल्यावर आम्ही कशाच्या जोरावर मानायचं?"

कागदासाठी पुढे केलेला हात मी मागे घेतला.

गुन्ह्यातून संजयचं नाव निघालं, माझं लागलं. ते होणारच होतं, त्याची तक्रार नाही. पायलचा दावा मात्र पुराव्याअभावी नामंजूर झाला. जागा पुढच्या नंबरच्या मुलाला गेली.

बाहेर व्हरांड्यात उज्ज्वलाताई फाइलची दोरी बांधत होत्या. मी विचारलं, अपील करता येईल ना? खर्च मी करीन. त्या खूप थकलेल्या दिसत होत्या.

"करता येईल. पण आता या फाइलला खोट्या कागदाचा डाग आहे. तांड्यातले दोन म्हातारे मी साक्षीला तयार ठेवले होते, आजीबाई होत्या, शाळेचा दाखला होता. पाठबळाला एक जण पाहिजे होता. नात्यातला नसलेला, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, ज्यानं तो कागद पाहिलाय आणि जो म्हणेल, माझ्या हातून चुकून जळाला. एक प्रतिज्ञापत्र." त्यांनी गाठ मारली. "ते तुम्ही ऑगस्टमध्येच देऊ शकला असता."

संजय लांब, नळाजवळ तोंड धूत होता. धुरपताबाई पायरीवर बसली होती. पायल मात्र तिथंच उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"आजोबा," ती म्हणाली, "आमी पह्यल्यांदा आलो तवाच तुमाले मालूम होतं?"

"हो."

"तवाच सांगतलं असतं तं?"

मी काही बनवून बोललो असतो तर तिनं मानलं असतं. ती तशीच मुलगी आहे. पण त्या दिवशी तरी खोटं बोलायला जीभ उचलली नाही.

"तर तुझं काम झालं असतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. चिडली नाही, रडली नाही. चष्मा काढून ओढणीच्या टोकानं पुसला आणि नळाकडे चालत गेली.

"बाबा," ती संजयला म्हणाली, "हॉस्टेलातून माहं सामान आनाले जा लागन. गादी लहान हाये, बसमधी मावन."